पात्याचं पाणी

२ फेब्रुवारी, सोमवार

पोलाद आलं. तीन जातींच्या तीन पट्ट्या, हातभर लांब, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. जिन्याखाली उभ्या करून ठेवल्या आणि वर येऊन वही उघडली, तर गेल्या दोन महिन्यांत एक ओळ नाही. शेवटची नोंद बाबांना लकवा झाला त्याच्या आदल्या दिवसाची: 'मुठींचं लाकूड कमी पडेल, मागवणे.' बिचारं लाकूड.

पुन्हा लिहायचं तर आधी कुठे आहोत ते लिहून ठेवते. खाली कारखाना, वर दोन खोल्या. कारखाना म्हणजे मी आणि बाबा. ते मला फोरमन म्हणायचे. फोरमनच्या हाताखाली एकच माणूस, तो म्हणजे मालक. बावीस वर्षं मी पाती घासते, मुठी बसवते, धार लावते. पात्याला पाणी द्यायचं काम मात्र त्यांचं. पाणी देणं म्हणजे पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवायचं, की ते कडक होतं. काल नर्सबाईंना हे समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "मग तेल देणं म्हणा की." बाबा बोलत असते तर त्यांच्याशी भांडले असते.

बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द राहिला, पाणी. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मी ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एखादाच शब्द अडकून राहतो, दर वेळी त्याला अर्थ असेलच असं नाही. तरी मी दर वेळी पाणी देते. न देऊन कसं चालेल?

दादाने एका शुश्रूषागृहात जागा बघून ठेवली आहे. एक मार्चला तो येणार. त्याचं म्हणणं, आजारी माणूस आणि कारखाना दोन्ही माझ्याने निभणार नाही, आणि बाबांशिवाय कारखाना चालतच नाही तर कशासाठी एवढा अट्टहास? मी म्हटलं, भटकंतीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला रोज खिशात ठेवायचा घडीचा चाकू हवाय. त्याचा नमुना मी एकटीने एक तारखेच्या आत करून दाखवते. नाही जमलं तर तुझ्या कागदावर सही करते. बोलून गेले खरी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी साधं पोलाद घेतलं. बाबांनी आयुष्यभर हेच वापरलं. त्यांच्या खिशातला चाकू याचाच, तीस वर्षांचा. पातं काळं पडून, झिजून निम्मं राहिलंय, पण अजून पेन्सिलीचं सालपट अखंड काढतं. खोट एकच, ओलं राहिलं की गंजतं.

भट्टी लावली. किती तापली ते दाखवायला तोंडाशी काटा आहे. पोलादासोबत आलेल्या पत्रकात जेवढे अंश लिहिलेत तिथवर काटा आणला आणि पातं आत सरकवलं. तेवढ्यात वरून हाक आली, "पाणी." भट्टीचा पंखा खालच्या मजल्यावर बरोबर त्यांच्या पलंगाखाली येतो, त्याच्या घोंघावण्याने झोपमोड होत असावी. वर धावले. पाणी नुसतं चालत नाही, घशात अडकतं. पावडर घालून डिंकासारखं घट्ट करायचं आणि चमच्याने पाजायचं. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला ओठ मिटले. तोंड पुसून, उशी सारखी करून खाली येईतो दहा-बारा मिनिटं झाली होती. पातं काढलं, तेलात बुडवलं. कानस घासून पाहिली तर ती घसरली, म्हणजे कडक झालं. मग ठिसूळपणा जावा म्हणून ओव्हनमध्ये दोन तास मंद आचेवर.

पहिल्यांदा एकटीने पाणी दिलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगायला वरच्या खोलीत जावं लागतं, आणि तिथलं उत्तर ठरलेलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

धार लावली आणि दिवसभर जे दिसेल ते कापलं. दोरी, पुठ्ठा, जुना पट्टा, सफरचंद. पुठ्ठ्यात खोक्याची पिन लागली आणि धारेचे टवके उडाले, तीन ठिकाणी. सफरचंदाचा रस पुसायचा राहिला तिथे दुपारपर्यंत तपकिरी डाग. साधं बाद. बाबांचा चाकू याच पोलादाचा असून त्याला कधी असं झालं नाही, पण आता पोलादही पूर्वीसारखं येत नाही. सगळेच म्हणतात.

पातं बाबांना दाखवलं. का, ते माहीत नाही. सवय. त्यांनी डाव्या हातात घेतलं, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, टवका उडालेल्या जागी थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी." आणलं. पहिल्याच चमच्याला ठसका लागला आणि चेहरा लालबुंद झाला. मी इतकी घाबरले की पातं कुठे ठेवलं तेच आठवेना. शेवटी त्यांच्या पांघरुणाखाली सापडलं. दादाला हे सांगणार नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

नर्सबाई आल्या. पाणी पाजल्याच्या नोंदींचा माझा तक्ता बघून म्हणाल्या, "ताई, कितीदा पाजता? यांना एवढी तहान लागायचं काही कारण नाही."

"ते मागतात."

"मागतात आणि तोंड मिटतात. मग तहान कसली?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी परत तो खेळ मांडला, 'हो' असेल तर डोळे मिटा. काका, तुम्ही पुरुष आहात का? आज बुधवार आहे का? ही तुमची मुलगी आहे का? बाबा छताकडे बघत राहिले. तक्त्यावर पुन्हा 'प्रतिसाद नाही'. आता बाबा धडधाकट असतानाही असल्या प्रश्नांना कधी उत्तर देत नव्हते. गिऱ्हाइकाने 'हा कापतो का हो?' विचारलं की सरळ आत निघून जायचे. पण हे तक्त्यात कुठे लिहिणार?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मधलं पोलाद. गंजत नाही, दिसायला बरं, स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना वापरतात त्याच्या एक पायरी वरचं. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. कानस घसरली, मी खूश. दुपारी पुठ्ठा कापताना पुन्हा टवके. पोलादवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आमच्या पोलादाची अशी तक्रार आजवर आली नाही." त्याच्याकडे प्रत्येकाची तक्रार पहिलीच असते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

महागडं. याची धार सहा महिने राहते म्हणे. राहील, पण गेल्यावर लावायला गिऱ्हाईक कुठे जाईल हे पत्रकात नाही. मी सबंध सकाळ घासत होते, दगड झिजला, पातं नाही.

याला काटा आणखी वर न्यावा लागतो. भट्टी इतकी धगधगत होती की भिंतीला हात लावला तर गरम. बाबा आज तीनदा ओरडले. एरवी पुटपुटतात, आज चक्क ओरडले. तीनदा जिना चढले, तीनदा उतरले. एकदाही थेंब घेतला नाही. गुडघे दुखतात. मी सत्तेचाळीसची आहे आणि जिना चौदा पायऱ्यांचा. आज मोजल्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

महागडं पातं वाईसच्या लोखंडी पकडीत धरून वाकवून पाहिलं. थोडं वाकून सरळ व्हायला हवं. काडकन मोडलं. तुकडा भिंतीवर जाऊन आदळला.

दोन्ही तुकडे घेऊन वर गेले आणि त्यांच्या पांघरुणावर टाकले. "बघा, तुमची फोरमन." त्यांनी मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. खूप वेळ. मग, "पाणी."

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, पाणी, पाणी, पाणी, दुसरं काही येतं का तुम्हाला? मी इथे बुडतेय आणि तुम्हाला तहान लागलीय. त्यांनी डोळे मिटले. मी दार आपटून खाली गेले आणि तासभर नुसती स्टुलावर बसून राहिले.

परत आले तेव्हा ते जागेच होते. दोन्ही तुकडे छातीवर, मोडलेली बाजू माझ्याकडे करून शेजारी शेजारी ठेवलेले. डाव्या हाताने एवढं करायला किती वेळ लागला असेल. मी तुकडे उचलले, माफी मागितली, पाणी पाजलं. या खेपेला सहाच्या सहा चमचे मुकाट प्यायले, डोळे माझ्यावरून न काढता. मला वाटलं, माफ केलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. "कसं चाललंय?"

"चाललंय."

"म्हणजे नाही चाललेलं." तो मला लहानपणापासून ओळखतो. मग म्हणाला, "खरं सांग, त्यांना काही कळतं का गं? तू बोलतेस ते?"

मी दाराआडून बाबांकडे बघितलं. मग म्हटलं, "नाही. मला नाही वाटत कळतं."

वहिनीचा आवाज मागून आला, काय म्हणतेय, म्हणून. दादा म्हणाला, "तिकडे व्यायाम घेणारी माणसं आहेत. बाग आहे. मी त्यांना टाकत नाहीये." मला माहीत आहे तो टाकत नाहीये. त्याच्यावर चिडताही येत नाही, हाच वैताग आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दादाच्या कागदावर सही केली. कागद पाकिटात घालून आरशामागे खोचून ठेवला. रविवारी दादाला देईन. बावीस वर्षांच्या कामावर पाणी सोडलं आणि हात कापलासुद्धा नाही. दमल्यावर माणूस किती सहज सही करतो.

दुकानदाराला कळवायचं बाकी आहे. मधलं पोलाद त्यातल्या त्यात बरं होतं असं अजून वाटतं. पण पोलाद बरं असून काय उपयोग, पातं बरं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी नर्सबाई बाबांजवळ होत्या म्हणून बाहेर पडले. धारवाले काका बाबांच्या बरोबरीचे, चौकापलीकडे त्यांची अरुंद बोळकंडीवजा खोली आहे, अजून पायाने चाक फिरवतात. म्हटलं, दगड आणि कानशी त्यांना देऊन टाकू, आपल्याला आता काय करायच्यात. पिशवीत मोडलेलं पातंही होतं. काकांनी कानशी बाजूला ठेवल्या, तुकडा उचलला आणि दारातल्या उजेडात धरला.

"पाणी कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच देते," मी म्हटलं. "दिवसातून दहा वेळा. पावडर घालून, चमच्याने. तरी त्यांचं मागणं थांबत नाही."

काकांनी चष्मा काढला. "मी पात्याचं विचारतोय, पोरी."

मी त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे बघितलं.

"पोलाद चांगलं आहे. पाणी चुकलंय. मोडलं तिथे दाणा बघ, साखरेसारखा जाड. फार तापवलंय आणि फार वेळ ठेवलंय. असलं पातं कडक लागतं आणि टवके उडून जातं." मग तुकडा परत देत म्हणाले, "तुझ्या बापाने बोट लावून सांगितलं असतं."

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. काका चहा मागवतो म्हणाले, नको म्हटलं. किती वेळ बसले कोण जाणे. अंगठा टवक्यापाशी थांबलेला. छातीवरचे दोन तुकडे, मोडलेली बाजू माझ्याकडे. भट्टी धगधगत असताना वरून मारलेल्या हाका, आणि त्या हाकांपायी मी पातं आत सोडून जिना चढायचे, म्हणजे ते आणखी तापायचं. पंख्याच्या आवाजावरून वेळ ओळखून ते ओरडून सांगत होते काढ म्हणून, आणि मी चमचा घेऊन वर. तोंड मिटणाऱ्या माणसाच्या घशात मी दोन महिने पाणी ओतलं. ठसका लागेतो ओतलं. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आले. पेला उचलला नाही. खुर्ची पलंगाशी ओढली आणि विचारलं, "बाबा, पात्याला पाणी चुकीचं दिलं मी?"

त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की नर्सबाई पुढे झाल्या. मग उघडले.

"भट्टी फार तापली?"

मिटले.

"पोलाद वाईट आहे का?"

उघडेच. आणि मूठ उलटी बसवली की माझ्याकडे जसे बघायचे तसे बघितले. नर्सबाई तक्ता हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी पेन मागितलं, मला दिसत नव्हतं कुठे आहे ते, डोळे भरले होते.

तीन आठवडे मी पोलाद निवडत होते. त्यांचं तिन्हींपैकी कुठल्याच पोलादाशी भांडण नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

समोरचा बेकरीवाला आणि त्याचा मेहुणा यांनी बाबांना खुर्चीसकट खाली आणलं. चौदा पायऱ्या. मेहुण्याने उतरताना विचारलं, "यांना कशाला हवाय कारखाना आता?" बेकरीवाला म्हणाला, "तू पाय बघ."

जवळजवळ तीन महिन्यांनी ते खाली आले. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी आधी माझी आवराआवर पाहिली आणि नापसंती दाखवली. मी भट्टी लावली, मधल्या पोलादाचा तुकडा घेतला. ते काट्याकडे बघतच नव्हते. वर ट्यूबलाइटकडे बघत होते, सारखे. मी विचारलं, उजेड टोचतो का? उघडेच डोळे. मग आठवलं. पाणी द्यायच्या वेळी ते नेहमी दिवा घालवायचे. बावीस वर्षं मी त्याला काटकसर समजत होते, वहिनीजवळ चेष्टासुद्धा केली होती. दिवा घालवला. खिडकीला पोतं लावलं. अंधारात भट्टीचं तोंड तेवढं उरलं, आणि आतल्या पात्याचा रंग. तो काळोखातच दिसतो. काट्यावर त्यांनी कधी भरवसा ठेवलाच नव्हता.

पहिला तुकडा लवकर काढला गेला, कानस रुतली. दुसरा थोडा उशिरा. या पोलादाला त्यांनीही कधी पाणी दिलं नव्हतं, अंदाज यायला त्यांनाही दोन तुकडे लागले. याचं मला का बरं वाटलं, सांगता येत नाही.

तिसऱ्याला ते पुढे झुकले. पत्रकातल्या आकड्यापेक्षा काटा बराच खाली होता, म्हणजे काटाच कमी दाखवतो.

"पाणी."

माझे पाय जिन्याकडे वळले. सवयीने, पूर्ण एक पाऊल. मग सांडशी घेतली, तुकडा काढला, तेलात. तो ओव्हनमधून निघाल्यावर वाईसमध्ये धरला. वाकला, सरळ झाला. खूप जोर लावल्यावर मोडला तेव्हा दाणा राखेसारखा बारीक. बाबांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं आणि काही म्हणाले नाहीत. एरवीही पसंत पडलं की ते काही म्हणत नसत.

संध्याकाळपर्यंत खरं पातं झालं. मूठ मी आधीच करून ठेवली होती.

१ मार्च, रविवार

दादा आणि वहिनी अकराला आले. बाबांना खालीच बसवलं होतं. चाकू बाकावर, मधल्या पोलादाचा, काही थाट नाही. दादाने उघडला, मिटला, पुन्हा उघडला. चाकूवाल्याचा मुलगा आहे, हात आपोआप पुठ्ठ्याकडे गेला. पिनांवरून कापत गेला. धार खिडकीपाशी धरून बघितली.

"टवका नाही," तो म्हणाला. "तू एकटीने केलास?"

"नाही. एकटीने करते म्हटलं होतं, ते नाही जमलं." मग मी त्याला सगळं सांगितलं, ठसक्यासकट. सही केलीय तेही. पाकीट आणून पुढ्यात ठेवलं. दादा खाली बसला, बाबांच्या समोर, आणि त्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला तिकडे जायचंय?"

बाबांचे डोळे उघडेच. पापणीसुद्धा हलली नाही. वहिनीने तोंड फिरवलं.

"हे एवढे दिवस विचारलंच नाही कुणी," दादा म्हणाला. पाकीट माझ्याकडे सरकवलं. "ठेव तुझ्याकडे. जिन्याचं काहीतरी करायला हवं. मी एका सुताराला विचारतो."

दादाने चाकू मिटून बाकावर ठेवला. मग बाबा म्हणाले, "पाणी."

दादा उठायला लागला. मी त्याला थांबवलं. आता मला कळत होतं ना. चाकू बाबांच्या समोर धरला आणि म्हटलं, "अहो, चांगलं झालंय की पाणी. तुम्हीच दिलंत काल. कमी पडलं का?"

उघडेच डोळे.

"जास्त?"

उघडेच. आणि तीच, उलट्या मुठीची नजर. मग डावा हात उचलला आणि चाकू हळूच बाजूला सारला. माझ्यामागे बाकावर पेला होता.

पावडर घातली, ढवळलं. सहा चमचे प्यायले, आणि आणखी मागितलं.